इंजिनामागे बसणारी माणसं : जुन्या ड्रॅग रेसिंगबद्दल

जर्सीकर (धागाकर्ता)

फॉर्म्युला वनच्या धाग्यावर परवा एकाने पिंक टाकली, "सरळ रस्त्यावर गाडी दामटायची, त्यात कसलं आलंय कसब?" तिथेच भांडत बसलो असतो तर मूळ धाग्याचं वाटोळं झालं असतं, म्हणून हा वेगळा काढतोय.

मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. इथून इंग्लिशटाउन फार लांब नाही. आपली मंडळी तिकडे गेलीच तर तिथल्या जुन्या बाजारात घासाघीस करायला जातात. पण १९६५ पासून तिथे रेसवे पार्क होतं, आणि २०१८ च्या सुरुवातीला तिथलं ड्रॅग रेसिंग कायमचं बंद होईपर्यंत पूर्व किनाऱ्यावरच्या या वेडाचं ते मोठं ठाणं होतं. माझ्या पहिल्या नोकरीतल्या फोरमनने मला तिथे ओढून नेलं आणि मी बिघडलो.

नियम दोन ओळींचे. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या, जागेवरून सुटायचं, पाव मैल म्हणजे १३२० फूट पळायचं. जो आधी पोचला तो पुढच्या फेरीत, दुसऱ्याने गाडी ट्रेलरवर चढवून घरी जायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड-टप उतरवून रात्री रस्त्यावर पळवायची. माणसं मरायची, पोलीस मागे लागायचे. त्यावर तोडगा निघाला तो रिकाम्या धावपट्ट्यांचा. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या वापरात नसलेल्या पट्टीवर सी. जे. हार्ट यांनी रीतसर शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना काढली. पार्क्स तेव्हा हॉट रॉड्सच्या, म्हणजे अशा वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्यांच्या, एका मासिकाचे संपादक होते, त्यामुळे गावोगावच्या क्लबांपर्यंत नियम पोचवायला त्यांना वेगळी यंत्रणा उभारावी लागली नाही. १९५५ ला कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड इथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पावसाने असा घोळ घातला की उरलेल्या फेऱ्या नोव्हेंबरात फीनिक्सला घ्याव्या लागल्या.

आता माझा खरा मुद्दा. आजच्या गाड्या कितीतरी वेगवान आहेत, पण माझ्या मते खेळाचा खरा काळ साधारण १९५७ ते १९७२. कारण त्या काळात गाडी बनवणारा, ती दुरुस्त करणारा आणि तिच्यात बसून भाजून निघणारा बहुतेक वेळा एकच माणूस असायचा. यातला प्रत्येक मोठा शोध कुणाच्या तरी हाडामांसाची किंमत देऊन लागलाय.

त्या काळच्या सर्वात वेगवान गाडीला 'स्लिंगशॉट' म्हणत. लांबलचक बारीक नळ्यांचा सांगाडा, पुढे सायकलला शोभतील अशी चाकं, मग इंजिन, आणि ड्रायव्हर सगळ्यात मागे, मागच्या आसाच्याही मागे. गिअरबॉक्स त्याच्या दोन पायांच्या मधोमध. इंजिन फुटलं की तेल, आग आणि लोखंड, तिन्ही सरळ तोंडावर.

फ्लोरिडाच्या डॉन गार्लिट्स या गड्याला १९५९ मध्येच साउथ कॅरोलिनात सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) फुटून त्याचा हिसका बसला होता, हात भयानक भाजले होते. तरी तो परत आला. ८ मार्च १९७० ला लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गाडी सुटते न सुटते तोच त्याचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे मधोमध दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. प्रेक्षकांतही एक जण गंभीर जखमी झाला.

बरं झाल्यावर त्याने काय केलं, तर इंजिन उचलून पाठीमागे टाकलं. ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. मागे इंजिन असलेल्या गाड्या आधीही झाल्या होत्या, पण त्या सरळ पळत नसत आणि म्हणून बदनाम होत्या. गार्लिट्स आणि त्याच्या माणसांनी बरीच डोकेफोड केल्यावर गोम सापडली ती स्टिअरिंगमध्ये. स्लिंगशॉटमध्ये ड्रायव्हर शेपटीला बसतो, गाडीने बूड हलवलं की त्याला लगेच कळतं. पुढे बसलेल्याला ते उशिरा कळतं, मग तो घाईने जास्त वळवतो, मग उलटं वळवतो, आणि गाडी नागमोडी जाते. त्यांनी स्टिअरिंग मंद केलं, म्हणजे हात बराच फिरवला तरी चाक थोडंच वळावं असं. तीच गाडी घेऊन १९७१ ला तो कॅलिफोर्नियात पोमोनाला जिंकला. दोन-तीन वर्षांत स्लिंगशॉट मोठ्या शर्यतींतून जवळजवळ नाहीसे झाले.

लिहिण्यासारखं बरंच आहे. प्रतिसाद आले तर पुढे लिहितो.


पेठेतला

वाचतोय. स्टिअरिंगचा परिच्छेद भारी. एक शंका : त्या काळात सुटायचा इशारा कोण द्यायचं? दिवे होते का?


जर्सीकर

@पेठेतला, आधी झेंडेवाला असायचा. दोन गाड्यांच्या मध्ये, थोडा पुढे उभा राहून झेंडा उडवायचा आणि जागच्या जागी उडी मारायचा. यात भानगडी फार. ड्रायव्हर झेंड्याकडे बघायचेच नाहीत, झेंडेवाल्याचा खांदा किंवा गुडघा कधी हलतो ते हेरून ठेवायचे. शिवाय झेंडेवाला गावातला, एक ड्रायव्हरही गावातला, मग काय विचारता. १९६३ पासून एनएचआरएने दिव्यांचा खांब आणला, पिवळे दिवे क्रमाने पेटत खाली येतात आणि मग हिरवा. नाताळच्या झाडासारखा दिसतो म्हणून नावही तेच पडलं, ख्रिसमस ट्री. हिरव्याआधी सुटलात तर तांबडा दिवा आणि घरी.


अतिशहाणा

ती पिंक माझीच होती, म्हणून इथे हजर. :)

मजकूर चांगला आहे, पण मुद्दा तसाच राहतो. सहा-सात सेकंदांसाठी तिकीट काढायचं, कान बधिर करून घ्यायचे आणि टायर जाळायचे. वळण नाही, ओव्हरटेक नाही. यात ड्रायव्हरचं कौशल्य नेमकं कुठे?


जर्सीकर

@अतिशहाणा, या, तुमचीच वाट बघत होतो.

यात दोन घड्याळं वेगवेगळी चालतात. हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ म्हणजे प्रतिक्रिया. गाडीने सुरुवातीचा प्रकाशझोत तोडल्यापासून शेवटच्या झोतापर्यंतचा वेळ म्हणजे धावेचा वेळ. दुसरं घड्याळ गाडी हलल्यावरच सुरू होतं. म्हणजे समजा माझ्या गाडीने ६.४० घेतले आणि तुमच्या गाडीने ६.३५. गाडी तुमची वेगवान. पण दिव्यावर मी तुमच्यापेक्षा एक दशांश सेकंद आधी सुटलो असेन, तर रेघ आधी मी ओलांडतो आणि जिंकतो मी. याला होलशॉट म्हणतात. जास्त वेगवान गाडी घेऊन हरण्यासारखा अपमान नाही, आणि तेव्हा दोष इंजिनाला देता येत नाही.

आणि नुसत्या सहा-सात सेकंदांचं तिकीट नसतं हो ते. एनएचआरएच्या शर्यतीत प्रत्येक तिकिटावर पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त होतात तिथे, जाता येतं. तुमच्यापासून पाच-सहा फुटांवर माणसं अख्खं इंजिन उघडून पिस्टन बदलत असतात, आणि ते मिनिटांच्या हिशोबात परत जोडायचं असतं. मला तर शर्यतीपेक्षा तेच बघायला आवडायचं. फॉर्म्युला वनच्या गॅरेजात डोकावून दाखवा एकदा.


शॉप फ्लोअर

आयुष्य भोसरीत गेलं, तेव्हा या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या इंजिनावर जो डबा बसवलेला दिसतो तो सुपरचार्जर. त्याचं जुनं नाव ६-७१. ६ म्हणजे सिलिंडर, ७१ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे घन इंच. मूळ ते जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचं नाव, जे अमेरिकेत बसमध्ये, ट्रकमध्ये, बोटींत असायचं. टू-स्ट्रोक डिझेलला जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा आत घ्यायला ब्लोअर लागतोच, तो तीन-तीन पाकळ्यांच्या दोन रोटरचा रूट्स ब्लोअर. पोरांनी काय केलं, भंगारातल्या बसचा ब्लोअर उतरवला आणि क्रायस्लरच्या हेमी इंजिनाच्या डोक्यावर पट्ट्याने जोडला. बस चालवायला केलेली वस्तू! अशी जुगाडं बघितली की आपलीच माणसं वाटतात.

दुसरी गोष्ट इंधनाची. नायट्रोमिथेन. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, नायट्रोला फक्त १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. किलोमागे उष्णता पेट्रोलच्या चौथा हिस्साच मिळते. पण इंजिन हवेवर अडतं, इंधनावर नाही. तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन ओतता येतं, म्हणजे एकूण ऊर्जा दुपटीच्या वर जाते. शिवाय एवढं इंधन आतल्या आत पुरतं जळत नाही, म्हणून एक्झॉस्टच्या तोंडातून ज्वाळा निघतात. रात्रीच्या शर्यतींचे फोटो बघा, दोन्ही बाजूंना उभ्या ज्वाळांची रांग दिसते.

आणि प्रमाण चुकलं तर हाच माल बॉम्ब.


जर्सीकर

शॉप फ्लोअर काका, मी चार धाग्यांत सांगितलं नसतं ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत.

नायट्रोवरून आठवलं. १९५७ च्या फेब्रुवारीत एमरी कुक लायन्सला ताशी १६६ मैलांच्या वर गेला आणि खेळ चालवणाऱ्यांचं धाबं दणाणलं. पट्ट्या लहान, थांबायला जागा नाही. एनएचआरएने आपल्या स्पर्धांत नायट्रोवर बंदी घातली, फक्त पेट्रोल. ही बंदी पुढची सहाएक वर्षं टिकली. पण बंदीला न जुमानणाऱ्या पट्ट्या होत्याच, त्यांनी नायट्रोवाल्यांना पैसे देऊन बोलवायला सुरुवात केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गार्लिट्सने फ्लोरिडात ताशी १७६.४० मैल काढल्याची बातमी आली. कॅलिफोर्नियावाल्यांनी तिला सरळ केराची टोपली दाखवली. घड्याळ खराब असेल, पट्टी आखूड असेल, फ्लोरिडाच्या दलदलीतलं पोरगं काहीही सांगतंय! १९५९ च्या मार्चमध्ये त्याला मुद्दाम कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला बोलावलं आणि तिथे बिचाऱ्याचं काही चाललं नाही, जिंकला आर्ट क्रिसमन. मग १९६४ च्या ऑगस्टात याच आमच्या न्यू जर्सीत, ग्रेट मेडोज इथल्या आयलंड ड्रॅगवेवर गार्लिट्सने ताशी २०१.३४ मैल नोंदवले. दलदलीवरून चिडवलेलं त्याने मनावर घेतलं नाही. आपल्या गाड्यांना तो ओळीने 'स्वॉम्प रॅट' म्हणायचा, म्हणजे दलदलीतला उंदीर, आणि त्यातली ३० वी आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.


फ्रीमाँटकर

आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्येही १९५९ पासून ड्रॅग स्ट्रिप होती, १९८८ ला बंद झाली. आता त्या भागात दुकानं आणि मोटारींच्या शोरूम आहेत. इथल्या मराठी मंडळात कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

बेकर्सफील्डचं नाव आलं म्हणून लिहितो. तिथे जुन्या गाड्यांचं संमेलन भरतं आणि त्यात कॅकलफेस्ट नावाचा प्रकार असतो. शर्यत नाही, काही नाही. जतन केलेल्या स्लिंगशॉट एकेक करून आणतात. या गाड्यांना स्टार्टर नसतो, मागून दुसरी गाडी ढकलत आणते, ड्रायव्हर क्लच सोडतो आणि इंजिन धडधडायला लागतं. मग त्या रांगेत नुसत्या उभ्या राहून नायट्रो जाळतात. संध्याकाळची वेळ, आठ-आठ नळ्यांतून पिवळट ज्वाळा, आणि आवाज कानाआधी बरगड्यांत शिरतो. वारा आपल्याकडे वळला की डोळ्यांतून घळाघळा पाणी, घशात मिरचीची धुरी दिल्यासारखं. आजूबाजूला सत्तरीचे म्हातारे डोळे पुसत हसत असतात. कुणीही मागे सरकत नाही.


अतिशहाणा

म्हणजे पैसे देऊन धुरी घ्यायची. आमच्या आजीने फुकट दिली असती.


निशिगंधा_क

धागा आवडला, पण सगळी बाप्यांचीच नावं! शर्ली मल्डाउनीचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

टॉप फ्युएल या सर्वात वरच्या वर्गात गाडी चालवायचा परवाना मिळवायला आधीच्या परवानाधारकांच्या सह्या लागायच्या. १९७३ मध्ये तिच्या कागदावर सह्या केल्या त्या गार्लिट्स, टॉमी आयव्हो आणि कोनी कलिटा यांनी. आयोजकांना ती गर्दी खेचायला हवी होती, पण ती जिंकावी अशी अनेकांची इच्छा नव्हती. तिने गाडी गुलाबी रंगवली आणि १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीन अजिंक्यपदं घेतली. टॉप फ्युएलमध्ये तीन पदं घेणारी ती पहिली. पहिली बाई असं नाही म्हणत मी, पहिली ड्रायव्हर.

१९८४ ला माँट्रियलजवळ पुढच्या चाकाची ट्यूब सुटून गुरफटली आणि गाडी ताशी अडीचशे मैलांच्या आसपास असताना उडाली. दोन्ही पायांचा चुराडा. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि १९८६ ला बाई पुन्हा गाडीत. जर्सीकर, तुमचा 'खरा काळ' १९७२ ला संपतो, तो तेवढ्यासाठी मला मान्य नाही. त्या काळात तिला दारातच अडवलं असतं.


जर्सीकर

@निशिगंधा_क, मुद्दा बिनतोड आहे. पैशाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. १९७२ नंतर प्रायोजक नसेल तर टिकणं अवघड झालं. १९७५ पासून एनएचआरएच्या मालिकेवर सिगारेट कंपनीचं नाव आलं, मग मोठे ट्रक, मोठे संघ. घरामागच्या शेडमध्ये गाडी बनवून देशपातळीवर जिंकणारा माणूस हळूहळू दिसेनासा झाला.


पेठेतला

प्रायोजकांची सुरुवात तर खेळण्यांपासून झाली ना? हॉट व्हील्सची ती पिवळी आणि लाल गाडी आमच्या मुलाकडे होती, स्नेक आणि मंगूस. ही खरी माणसं आहेत हे मला फार उशिरा कळलं.


जर्सीकर

अगदी खरी. डॉन प्रुडोम म्हणजे स्नेक आणि टॉम मॅक्युएन म्हणजे मंगूस. साप-मुंगसाची जोडी आपल्याला नव्याने सांगायला नको. ड्रायव्हर म्हणून प्रुडोम उजवा, १९७५ ते ७८ सलग चार वर्षं तो फनी कारचा अजिंक्यवीर होता. फनी कार म्हणजे वरून बाजारातल्या गाडीसारखं दिसणारं फायबरग्लासचं टरफल आणि आत तेच राक्षसी इंजिन. पण धंद्याचं डोकं मॅक्युएनचं. मटेल कंपनीकडे जाऊन त्याने दोघांसाठी करार जुळवला आणि १९७० पासून दोघांच्या गाड्यांवर हॉट व्हील्सचं नाव लागलं. प्रेक्षक तिकीट काढायचे ते साप-मुंगसाची लढत बघायला. बहुतेक वेळा साप जिंकायचा.

एकदा मात्र नाही. १९७८ ची इंडियानापोलिसची राष्ट्रीय स्पर्धा. त्याच्या काहीच दिवस आधी मॅक्युएनचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला होता. अंतिम फेरीत समोर प्रुडोम, आणि मॅक्युएन जिंकला. उतरल्यावर दोघेही रडत होते. याहून जास्त मी लिहीत नाही, चित्रफीत मिळाली तर बघा.


रायडर_९६

काका, मस्त धागा. आमच्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा होतात, मी बाइक घेऊन गेलोय. म्हणजे पुन्हा धावपट्टीच! चेन्नईजवळ शोलावरमला पण युद्धकाळातल्या पट्टीवर जुन्या काळी शर्यती व्हायच्या ना?

प्रश्न असा, की जुन्या गाड्यांच्या वेळा आणि आत्ताच्या यांची तुलना करता येते का? आत्ता टॉप फ्युएल चार सेकंदांच्या आत जाते म्हणतात.


जर्सीकर

@रायडर_९६, हो, शोलावरमला व्हायच्या, पण त्या मुख्यतः फेऱ्यांच्या शर्यती, पट्टीवरच वळणं आखून.

तुलना सरळ करू नकोस. २००८ च्या जूनमध्ये आमच्या इंग्लिशटाउनलाच स्कॉट कलिटा गेला. वर सहीवाला कोनी कलिटा आलाय ना, त्याचा मुलगा. रेघेजवळ इंजिन फुटलं, गाडी थांबली नाही, पट्टी संपली. त्यानंतर नायट्रोच्या दोन्ही वर्गांसाठी (टॉप फ्युएल आणि फनी कार) अंतर १३२० वरून १००० फुटांवर आणलं. त्यामुळे आजचे साडेतीन-पावणेचार सेकंद हे हजार फुटांचे. पूर्ण पाव मैलात पाच सेकंदांच्या आत पहिल्यांदा गेला तो एडी हिल, एप्रिल १९८८, टेक्सासात, ४.९९० सेकंद. ताशी ३०० मैल ओलांडले केनी बर्नस्टाइनने, मार्च १९९२, गेन्सव्हिल, ३०१.७०.

साठच्या दशकातल्या गाड्यांचे टायर पूर्ण पाव मैल धूर काढत जायचे, ते आज दिसत नाही. घसरू देणारे क्लच आणि चांगलं रबर आल्यावर धूर गेला आणि वेळ सुधारली. खेळाच्या दृष्टीने योग्यच. पण धुराचे दोन पांढरे डोंगर आणि त्यांच्या टोकाला दोन बारीक गाड्या, असा फोटो आता निघायचा नाही.

आणि रस्त्यावर पळवू नकोस रे बाबा. पट्टीवर जा.


शॉप फ्लोअर

रायडर, हेल्मेट बंद घाल, आणि मागच्या चाकाची चेन प्रत्येक वेळी तपास. तुटलेली चेन पायावर बसलेली मी बघितली आहे.


अतिशहाणा

धुराबद्दल माझं मत बदललेलं नाही. होलशॉटचं मात्र डोक्यात बसलं. सुरुवात कुठून करू तेवढं सांगा, एकच शर्यत.


जर्सीकर

१९८२, इंडियानापोलिस, टॉप फ्युएलची फायनल. एका बाजूला शर्ली, दुसऱ्या बाजूला कोनी कलिटा, तिच्या परवान्यावर सही करणारा. १९७७ ला ती पहिल्यांदा अजिंक्य ठरली तेव्हा तिची गाडी तयार करणाराही तोच होता. एव्हाना दोघांचं फाटलेलं होतं. शर्लीने बाजी मारली.